मुलाला नेमबाजीत घालायचंय? लाखाचं पिस्तूल घेण्याआधी हे वाचा

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक जिंकलं आणि आपल्या जिल्ह्यात नेमबाजीची चर्चा पारावर आली. त्याआधी चारच दिवस मनू भाकरने एअर पिस्तुलात कांस्य घेतलं होतं. तेव्हापासून गावोगावचे पालक एकच प्रश्न विचारतात, "पोराला नेमबाजीत घालायचं म्हणतोय, पिस्तूल कुठलं घेऊ?"

प्रश्न चांगला आहे, पण क्रम उलटा आहे. आधी पिस्तूल, मग रेंज, मग कोच, असा विचार करून ऊसबिलातले किंवा कर्जाचे लाख-दीड लाख रुपये घालणारी घरं आहेत. सहा महिन्यांनी कळतं की मूठ मुलाच्या हातात बसतच नाही, किंवा सिलिंडरमध्ये हवा भरायची सोय तालुक्यात कुठंच नाही. मग ते पिस्तूल कपाटात पडून राहतं. म्हणून पिस्तूल निवडताना नक्की काय बघायचं आणि काय अजिबात बघायचं नाही, ते इथं सविस्तर देत आहोत.

कुठलं पिस्तूल?

स्पर्धेतल्या नेमबाजीत पिस्तुलाचे मुख्य दोन प्रकार. पहिलं १० मीटरवरचं एअर पिस्तूल. यात दारू नाही, काडतूस नाही. दाबलेली हवा ४.५ मिलिमीटरचा छर्रा ढकलते. बोलीत याला 'पॉइंट वन सेव्हन सेव्हन' म्हणतात. दुसरं २५ मीटरवरचं पॉइंट टू टू, म्हणजे खऱ्या काडतुसाचं पिस्तूल. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं ते या २५ मीटरमध्ये.

नवशिक्याने दुसऱ्या प्रकाराचा विचार सध्या बाजूला ठेवावा. पॉइंट टू टू हे अग्निशस्त्र आहे. त्याला शस्त्र परवाना लागतो, तो जिल्हाधिकारी कार्यालयातून, जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या सहीने मिळतो, आणि २१ वर्षांखालच्याला असा परवाना मिळत नाही. खेळाडूंसाठी वेगळे नियम आहेत, पण ते स्पर्धेत गुण दाखवल्यानंतरचं बोलणं. जवळपास सगळ्यांची सुरुवात एअर पिस्तुलानेच होते आणि आपणही इथं त्याबद्दलच बोलू.

परवाना लागतो का?

शस्त्र नियम २०१६ नुसार ज्या हवाई शस्त्राची नळी ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठी नाही आणि छर्ऱ्याची ऊर्जा २० ज्यूलच्या आत आहे, त्याला परवाना लागत नाही. स्पर्धेचं एअर पिस्तूल साधारण ६ ज्यूलच्या आसपास असतं, म्हणजे मर्यादेच्या खूप आत.

परवाना नाही म्हणजे खेळणं नाही, हे मात्र घरातल्या सगळ्यांना बजावून सांगा. पक्कं बिल घ्या. ते आई-वडिलांच्या नावावर असू द्या आणि पिस्तुलाच्या पेटीतच ठेवा. बिलावर पिस्तुलाचा नंबर लिहिलेला असावा. एसटीतून रेंजवर जाताना पिस्तूल कुलूपबंद पेटीत, रिकामं. लांबून बघणाऱ्याला हे खरं पिस्तूल आहे की हवेचं ते कळत नाही. कमरेला खोचून गावात फिरणं, लग्नाच्या वरातीत हातात घेणं, व्हॉट्सअॅप स्टेटसला फोटो टाकणं, यातून पोलीस ठाण्याची वारी होऊ शकते. आणि ज्या मुलाला पुढे पोलीस किंवा सैन्य भरतीला जायचंय, त्याच्या नावावर एक गुन्हा म्हणजे काय ते सांगायला नको.

चिमण्या, पोपट, लावे, मोर मारायला तर हात लावूच नका. बहुतेक रानपक्ष्यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. "हवेची बंदूक आहे" ही सबब तिथं चालत नाही.

आणखी एक. कुणी म्हणालं, "कशाला लाखभर घालताय, दहा-पंधरा हजारात गावठी देतो," तर त्या माणसाच्या सावलीलाही उभं राहू नका. गावठी कट्ट्याचा नेमबाजीशी काडीचा संबंध नाही. तो जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे.

एक मिलिमीटरचा हिशेब

आता मूळ मुद्दा. पिस्तूल चांगलं म्हणजे काय, हे समजायला थोडं गणित करू. अवघड नाही.

१० मीटरवर जो कागद लावतात त्यात मधला काळा गोळा ५९.५ मिलिमीटरचा असतो. त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ फक्त ११.५ मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. त्यानंतरचं प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटर बाहेर. एका हाताने, कशालाही न टेकता, ६० गोळ्या मारायच्या. दुसरा हात खिशात किंवा पट्ट्यात. पॅरिसमध्ये तुर्कस्तानचा जो काका एक हात खिशात घालून नेम धरताना सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला, तो यूसुफ दिकेच काही स्टाईल मारत नव्हता. मोकळा हात हलू नये म्हणून पिस्तुलवाले तसं उभे राहतातच.

आता बघा. हात कुणाचाही थोडा हलतोच, ऑलिंपिकवाल्याचाही. समजा पिस्तूल सरळच राहिलं, पण सगळा हात मिळून ते ५ मिलिमीटर डावीकडे सरकलं. छर्रा कागदावर किती सरकेल? ५ मिलिमीटरच. म्हणजे अजून दहातच.

पण समजा हात जागेवर आहे आणि मनगट जरासं वळलं, त्यामुळे पुढची साईट, जिला जुने लोक माशी म्हणतात, ती मागच्या खाचेच्या मधोमध न राहता फक्त १ मिलिमीटर बाजूला गेली. पुढच्या आणि मागच्या साईटमधलं अंतर साधारण ३० सेंटिमीटर धरा. ३० सेंटिमीटरला १ मिलिमीटर, तर १० मीटरला ३३ मिलिमीटर. छर्रा काळ्याच्या बाहेर, सहात.

पाच मिलिमीटर हात हलला तर दहा गुण, एक मिलिमीटर माशी हलली तर सहा. सगळी पिस्तूल नेमबाजी या दोन वाक्यांत आहे. म्हणून कोच पहिल्या दिवसापासून ओरडतात की नजर कागदावर नको, माशीवर ठेव. कागद धूसर दिसला तरी चालेल. डोळ्याला एका वेळी एकच अंतर स्वच्छ दिसतं.

आणि म्हणूनच पिस्तूल निवडताना बघायचं ते हेच. हातात घेतल्यावर माशी आपोआप खाचेच्या मधोमध येते का? आणि ट्रिगर दाबताना ती तिथंच राहते का? बाकी रंग, कंपनी, देश, सगळं नंतर.

मूठ हातात बसली पाहिजे

स्पर्धेच्या पिस्तुलाची मूठ लाकडाची, हाताच्या आकाराला घडवलेली असते. ती लहान, मध्यम, मोठी अशा मापांत येते, उजव्याची वेगळी, डावखुऱ्याची वेगळी. खाली तळहाताला टेकण देणारी एक फळी असते, ती वर-खाली करता येते. चप्पल घेताना आपण पायात घालून चार पावलं चालून बघतो. पिस्तूल मात्र लोक फोटो बघून मागवतात, याचं आश्चर्य वाटतं.

मूठ तपासायची रीत सोपी आहे, ती दुकानात किंवा रेंजवर करून बघा. मुलाला सरळ उभं करा, पिस्तूल रिकामं आहे हे खात्रीने बघा, तोंड सुरक्षित दिशेला. डोळे मिटून हात वर उचलायला सांगा. मग डोळे उघडायचे आणि काहीही न हलवता माशी बघायची. ती खाचेच्या आसपास मधोमध असेल तर मूठ जुळते. दर वेळी एकाच बाजूला जात असेल तर मूठ जुळत नाही. असं दहा वेळा करा. एकदा जुळलं म्हणून खूश होऊ नका.

मूठ थोडी सैल-घट्ट असेल तर कानशीने घासून किंवा लाकडाची लुगदी लावून बसवता येते, आणि चांगले नेमबाज ते करतातच. पण ते काम कोचच्या नजरेखाली. घासलेलं लाकूड परत येत नाही. वाढत्या वयाच्या मुलाला मूठ घ्यायची तर फळी सरकणारी आणि पुढे नुसती मूठ बदलून मिळेल अशीच घ्या, म्हणजे हात वाढला तर सगळं पिस्तूल बदलावं लागत नाही. मूठ मनगटाला आधार देणारी किंवा सगळा हात वेढणारी मात्र चालत नाही, स्पर्धेच्या तपासणीत ती बाद होते.

मापाबरोबर डोळाही तपासा. दोन्ही हात लांब करून पंजांमध्ये छोटी त्रिकोणी फट ठेवा आणि तिच्यातून लांबचा विजेचा खांब दोन्ही डोळ्यांनी बघा. मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने खांब फटीत राहतो तो जोरकस डोळा. हात उजवा आणि डोळाही उजवा असेल तर प्रश्न नाही. हात उजवा आणि डोळा डावा निघाला, तर मूठ घेण्याआधी कोचशी बोला. यात मुलाचा काही दोष नाही, पण निर्णय आधी घेतला पाहिजे.

वजन: दुधाची पिशवी धरून बघा

नियमाने एअर पिस्तूल दीड किलोपर्यंत असू शकतं. प्रत्यक्षात चांगली पिस्तुलं एक किलोच्या आसपास असतात. एक किलो म्हणजे काय? लिटरभर दुधाची पिशवी. ती एका हातात, हात सरळ खांद्याच्या रेषेत धरून दहा सेकंद उभं राहा. मग खाली, परत वर. स्पर्धेत ६० गोळ्या, त्याआधी सरावाच्या गोळ्या, शिवाय नेम जमला नाही म्हणून न मारता खाली घेतलेले हात वेगळे. सव्वा तासात ८०-९० वेळा सहज होतं.

बारा-तेरा वर्षांच्या मुलाला मोठ्यांचं पिस्तूल दिलं तर तो पाठ मागे झुकवून, खांदा वर उचलून तोल सांभाळतो. ती सवय लागली की पुढे वर्षभर काढत बसावं लागतं. बऱ्याच कंपन्यांची आखूड आणि हलकी पिस्तुलं मिळतात, लहानांसाठी तीच बघावीत. अनेक ठिकाणी लहानांना सुरुवातीला टेकण देऊनही शिकवतात. त्यात कमीपणा नाही.

ट्रिगर: अर्धा किलोचा नियम

स्पर्धेआधी पंच काय करतात, तर पिस्तूल नळी वर करून उभं धरतात आणि ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन टांगून उचलतात. ट्रिगर सुटला तर पिस्तूल बाद. म्हणजे एअर पिस्तुलाचा ट्रिगर कमीत कमी अर्धा किलो दाबाचा हवा. खेळाडू तो या सीमेच्या किंचित वर लावून घेतात.

बाजारात 'एअर पिस्तूल' म्हणून जी स्वस्त, स्प्रिंगची पिस्तुलं मिळतात त्यांचा ट्रिगर यापेक्षा कितीतरी जड असतो, आणि बऱ्याच वेळा तो कमी-जास्त करताही येत नाही. जड ट्रिगर दाबताना एकटं बोट हलत नाही, त्याबरोबर मनगट वळतं. मनगट वळलं की माशी गेली आणि सहा गुण. शिवाय स्प्रिंग सुटताना पिस्तूल हातात झटका देतं. मुलगा त्या झटक्याला घाबरून आधीच हात आवळायला शिकतो.

आमचं स्पष्ट मत असं की नेमबाजी करायचीच असेल तर स्प्रिंगचं स्वस्त पिस्तूल घेण्यापेक्षा काहीच न घेणं बरं. ते पैसे रेंजच्या फीला आणि एसटीच्या पासला घाला.

चांगल्या पिस्तुलाचा ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा हलका, बोट येऊन एका भिंतीला टेकतं. दुसऱ्या टप्प्यात ती भिंत काच तुटावी तशी स्वच्छ तुटते. घसरत, अडखळत तुटत असेल तर ते पिस्तूल नको. ट्रिगरची पट्टी पुढे-मागे सरकवता येते का तेही बघा. बोटाचं पहिलं पेर तिच्यावर सरळ टेकलं पाहिजे.

काही पिस्तुलांत ट्रिगर इलेक्ट्रॉनिक असतो. तो मऊ आणि एकसारखा असतो, पण त्याला बॅटरी आणि दुरुस्तीला जाणकार माणूस लागतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला, दुरुस्तीत वेळ गेला आणि ती ५७५ गुणांवर बाराव्या क्रमांकावर राहिली. तिच्यासोबत अख्खं पथक होतं, तरी ही वेळ आली. आपल्याकडे दुरुस्तीसाठी पिस्तूल पुण्या-मुंबईला न्यावं लागतं हे लक्षात घेता पहिलं पिस्तूल साध्या यांत्रिक ट्रिगरचं असावं.

हवा कुठून भरणार?

हा प्रश्न शहरातल्या मुलाला पडत नाही, आपल्याला पडतो. आजची बहुतेक मॅच पिस्तुलं नळीखालच्या छोट्या सिलिंडरमधल्या हवेवर चालतात. त्यात साधारण २०० बार दाब असतो. चारचाकीच्या टायरात दोन-सव्वादोन बार असतो, यावरून अंदाज करा. एकदा भरलं की शे-दीडशे छर्रे सहज निघतात.

पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हे सिलिंडर भरत नाही, त्याचा दाब पुरतच नाही. रेंजवर मोठा सिलिंडर असतो, त्यावरून भरून आणतात. नाहीतर यासाठीचा खास हातपंप मिळतो. त्यात घाम निघतो, पण गावात तोच उपाय. पंप घ्यायचा तर हवेतली ओल काढणारा घ्या. पावसाळ्यात आपल्याकडची दमट हवा आत गेली की सील खराब होतात.

आता एक गोष्ट जीवाशी गाठ असलेली. वेल्डिंगवाल्याचा ऑक्सिजन सिलिंडर दिसतो हवेच्याच सिलिंडरसारखा, आणि दाबही असतो. त्यावरून पिस्तुलाचा सिलिंडर कधीही, कुणाच्याही सांगण्यावरून भरू नका. दाबाखालचा ऑक्सिजन आणि आतलं तेल-ग्रीस एकत्र आले की स्फोट होऊ शकतो. दवाखान्यातल्या ऑक्सिजनचंही तेच. फक्त स्वच्छ, कोरडी हवा.

सिलिंडर नको असेल तर एका दांडीच्या झटक्याने प्रत्येक गोळीला हवा दाबणारी पिस्तुलंही असतात. भरायची कटकट नाही, गावाला सोयीची. पण ती दांडी ओढायला जोर लागतो आणि ६० वेळा ओढून हात भरून येतो. मोठ्या मुलाला चालेल, लहानाला नाही. कार्बन डायऑक्साईडच्या छोट्या कुप्यांवर चालणारी, खऱ्या पिस्तुलासारखी हुबेहूब दिसणारी जी पिस्तुलं ऑनलाईन मिळतात, ती या खेळाच्या कामाची नाहीत. ऊन-थंडीने त्यांचा दाब बदलतो, आणि ती दिसतात तशी दिसतात म्हणून भानगड वेगळीच.

वेगाची जाहिरात

ऑनलाईन जाहिरातीत ठळक काय लिहिलेलं असतं? हजार फूट, बाराशे फूट पर सेकंद वेग! वाचून पोरं हुरळतात. ऑलिंपिकमध्ये चालणाऱ्या एअर पिस्तुलाचा वेग साधारण ५०० फूट पर सेकंद असतो. दहा मीटरवरच्या कागदाला भोक पाडायला तेवढा पुष्कळ झाला. जास्त वेग म्हणजे जास्त झटका, जास्त आवाज, आणि परवान्याच्या मर्यादेजवळ जायचा धोका. वेग बघून पिस्तूल घेणं म्हणजे हॉर्नचा आवाज बघून ट्रॅक्टर घेणं.

तसंच दुर्बीण आणि लेझर. या प्रकारात दोन्ही चालत नाही, फक्त उघड्या साईट. मुलाला चष्मा असेल तर खेळता येतं, फक्त डोळ्याच्या डॉक्टरांना सांगा की मला हाताच्या लांबीवरची माशी स्वच्छ दिसायला हवी.

नवं की जुनं?

स्पर्धेतली नावं तुम्ही ऐकाल ती अशी: स्वित्झर्लंडची मोरिनी, ऑस्ट्रियाची स्टायर, जर्मनीची वाल्थर आणि फाइनवर्कबाऊ, इटलीची पार्डिनी. सगळी चांगली. नवी घ्यायची तर लाखाच्या पुढेच जावं लागतं. भारतातही आता कंपन्या मॅचची हवाई शस्त्रं बनवतात, सुरुवातीला ती जरूर हाताळून बघा. सुटे भाग आणि दुरुस्ती देशात मिळणं ही आपल्यासाठी मोठी गोष्ट आहे. ब्रँडवरून भांडू नका. वर सांगितलेली डोळे मिटायची परीक्षा जे पिस्तूल पास होईल ते तुमचं.

जुनं पिस्तूल घेणं हा माझ्या मते सामान्य घरासाठी सगळ्यात शहाणपणाचा मार्ग आहे. वर गेलेले खेळाडू आपलं पिस्तूल विकतात आणि नीट वापरलेलं मॅच पिस्तूल वर्षानुवर्षं चालतं. फक्त तपासून घ्या. सिलिंडरवर बनवल्याची तारीख कोरलेली असते, त्याचं आयुष्य साधारण दहा वर्षांचं धरतात. मुदत गेलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि सुरक्षितही नाही. विकणारा म्हणेल, "अजून एकदम ओके आहे." तरी नवीन सिलिंडरची किंमत सौद्यातून वजा करा. नवा मिळतच नसेल तर सौदा सोडा. मग सिलिंडर पूर्ण भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी दाबाचा काटा बघा. उतरला असेल तर सील गेलेत. शेवटी कोचला टेकणावरून दहा छर्रे एकाच जागी मारायला सांगा. पिस्तूल ठीक असेल तर त्याच्या हातून कागदावर जवळपास एकच भोक दिसेल.

कागदपत्रं नाहीत तर पिस्तूल नाही. मूळ बिल, परदेशी असेल तर आयातीचे कागद, आणि तुमच्या नावावर विक्रीचा लेखी कागद. "दुबईवरून ओळखीचा माणूस बॅगेत घेऊन येतो" हा मार्ग कस्टममध्ये संपतो.

छर्ऱ्यांचंही थोडं सांगायला हवं. स्पर्धेचे छर्रे सपाट डोक्याचे, त्याने कागदाला गोल स्वच्छ भोक पडतं. डोक्याचं माप ४.४९, ४.५० असं बारीक फरकाने येतं. तुमच्या नळीला कुठलं मानवतं ते दोन-तीन डबे करून बघूनच कळतं. आठवड्याला पाच दिवस, रोज ६० गोळ्या धरल्या तर महिन्याला बाराशे. पाचशेच्या डब्याने जवळपास अडीच डबे. हा खर्च दर महिन्याचा आहे, पिस्तुलाची किंमत ठरवतानाच तो बाजूला काढा. पण रायफलला लागतो तसा जाड जॅकेट, पँट, खास बूट यांचा खर्च पिस्तुलाला नाही. घोट्याच्या खाली राहणारे, सपाट तळव्याचे साधे बूट पुरतात.

मग पैसे कधी घालायचे?

निदान सहा महिने क्लबच्या पिस्तुलावर शिकल्याशिवाय नाही. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा, जवळची रेंज आणि जिल्हा रायफल असोसिएशन कुठे आहे ते तिथं कळतं. आपल्या कोल्हापुरात दुधाळीची रेंज आहे, पुण्यात बालेवाडीला आहे. शालेय नेमबाजी स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात, त्यात एअर पिस्तूल आहे. शाळेच्या क्रीडाशिक्षकांना अर्जाची तारीख विचारून ठेवा, ती बहुतेक वेळा शेवटच्या दिवशी कळते. स्वप्नील कुसाळे नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला. प्रबोधिनीत निवड झाली तर शिक्षण, राहणं आणि सराव सरकारी खर्चाने होतं, त्याची चाचणीही बघावी.

सहा महिन्यांत दोन गोष्टी कळतात. मुलाला खरंच आवड आहे की पदकाच्या बातमीची हवा होती. आणि त्याच्या हाताला काय मानवतं. तोपर्यंत कोचही त्याला ओळखायला लागलेला असतो, त्याला सोबत घेऊनच खरेदीला जा. मूळ ६०० पैकी गुण किती पडतात याची एका वहीत नोंद ठेवा. मनूने पॅरिसला पात्रता फेरीत ५८० मारले होते. तुमचा मुलगा क्लबच्या पिस्तुलावर ४८० वरून ५३० वर आला आणि तिथं अडकला, आणि कोच म्हणाला की आता पिस्तूल अडवतंय, तर घ्या. कोच म्हणाला की अजून ट्रिगर ओढतोय, तर थांबा. लाखाचं पिस्तूल ओढलेला ट्रिगर दुरुस्त करत नाही.

घरी काय करता येतं

पिस्तूल नसतानाही दोन कामं होतात. अर्धा लिटर पाण्याची बाटली हातात धरून पांढऱ्या भिंतीसमोर दहा सेकंद उभं राहणं, महिन्याने एक लिटर. आणि एका जागी न हलता उभं राहायचा सराव, पाय खांद्याएवढे फाकवून.

पिस्तूल आल्यावर बहुतेक मॅच पिस्तुलांत छर्रा आणि हवा न वापरता नुसता ट्रिगर दाबायची सोय असते. पांढऱ्या भिंतीवर असा रोज वीस मिनिटांचा कोरडा सराव छर्ऱ्याच्या डब्यापेक्षा जास्त शिकवतो, आणि फुकट आहे.

छर्रे मारायचेच असतील तर गोठ्यात किंवा मोकळ्या खोलीत दहा मीटर मोजा, कागदाचा मध्यबिंदू जमिनीपासून १ मीटर ४० सेंटिमीटरवर ठेवा. मागे छर्रा अडवणारी पेटी हवी: तिरकी लोखंडी पट्टी आणि तिच्यापुढे जाड गोधडीसारखं कापड. नुसत्या दगडी भिंतीवर, सिमेंटवर किंवा सरळ पत्र्यावर मारू नका, छर्रा उलटून डोळ्यात येतो. डोळ्यांना चष्मा लावूनच मारा. मागे दार असेल तर ते आतून कडी लावून बंद करा, गुरं आणि लहान पोरं त्या बाजूला नकोत. घरातला मोठा माणूस सोबत असल्याशिवाय पेटी उघडायची नाही. पिस्तूल खाली ठेवताना नळीत रंगीत दोरी, म्हणजे सेफ्टी फ्लॅग, घालूनच ठेवायचं. बोट ट्रिगरवर फक्त नेम धरल्यावर. छर्रे शिशाचे असतात, ते तोंडात धरायची काही पोरांना सवय असते, ती पहिल्याच दिवशी मोडा. सराव झाला की साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू देऊ नका, आणि पेटीतले वापरलेले छर्रे कोंबड्यांच्या खुराड्याजवळ टाकू नका.